रेघेची अंडी

अमरावतीच्या आमच्या घरात वर्षभर एक पाळणा टांगलेला होता आणि घरात लेकरू नव्हतं. तो बैठकीच्या खोलीतच होता, पंख्याच्या हुकाला. पंखा बाबांनी भर उन्हाळ्यात, माझ्या एका शब्दावर काढून ठेवला होता. माणूस कसा होता हे तेवढ्यावरून ओळखावं. भेटायला येणाऱ्या बाया आधी पाळण्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे, आणि चहा संपेपर्यंत त्या क्रमानं पुन्हा पुन्हा बघत राहायच्या. मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होते. लग्नाचा विषय घरात निघाला की मी पत्रकं वाटायला बाहेर पडायची. आई बायांना सांगायची, "अंड्याचा हाय वो तो." त्यानं कोणाचंच समाधान होत नसे. अंड्याचा पाळणा म्हणजे काय, हे न विचारताच बाया घरी जायच्या आणि जाताना दारात थांबून एकदा मागे बघायच्या. पाळणा हलत असायचा. वारा नसला तरी हलायचा. त्यात जादू काही नव्हती, तो सायकलच्या ट्यूबांवर टांगलेला होता आणि ताणलेलं रबर उन्हानं आखडतं, सावलीत सैल होतं. मला ते माहीत होतं. तरी भर दुपारी खोलीत एकटी असले की मी त्याच्याकडे पाठ करून बसत नसे.

आत्मकथन म्हाताऱ्यांनी लिहावं अशी रीत आहे. मी तिशी ओलांडली आहे, एवढंच. पण त्या वर्षाबद्दल इतकी पत्रकं, निवेदनं आणि भाषणं मी केली आहेत, आणि त्यातल्या एकातही खरं काय झालं ते नाही. म्हणून हे प्रकरण.

आमची मागणी साधी होती: शाळेच्या जेवणात पोरांना अंडं द्या, आणि ते गावातल्या बायांकडून घ्या. गावरान कोंबड्या बायांच्या असतात, त्यातून बायांना काम मिळेल आणि पोरांच्या अंगाला काही लागेल. अकोल्याच्या कडेला वीटभट्ट्यांजवळ एक शाळा आहे, तिथली पोरं मी पाहिली होती. हिरव्या गणवेशातून मनगटं बाहेर यायची ती पऱ्हाटीच्या काड्यांसारखी. तिथे आठवड्याला एक केळं मिळायचं, तेही अर्धं काळं. हिवरखेडच्या बायांचा एक गट अंडी द्यायला तयार होता. आम्ही कॉलेजातले सातजण निवेदन घेऊन अकोल्याच्या शिक्षण कचेरीत गेलो तेव्हा तिथले साहेब हसले. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "अंडं देऊ हो. पण तुमचं ते हिवरखेड कुठं, अकोला कुठं. मधला रस्ता पाहिला का? तिथून निघालेलं अंडं इथं आम्लेट होऊन येईल." खोलीतले सगळे हसले. मी विचारलं, रस्ता कोणाचा आहे? त्यावर कोणी हसलं नाही. शेवटी ते म्हणाले, "एक पेटी भरून आणा. पोरांसमोर मी स्वतः उघडतो. एकही फुटलेलं नसलं तर वर लिहितो. फुटलं, तर मग केळं, आणि परत हा विषय माझ्याकडे आणायचा नाही."

खरी अडचण रस्त्याची नव्हती हे आम्हालाही माहीत होतं. शाळेच्या समितीचे अध्यक्ष अंडं खात नसत आणि अंडं म्हणजे जीव, असं म्हणत. तसं त्यांनी लिहून दिलं असतं तर आम्ही भांडलो असतो. ते नुसतं म्हणत, हळू आवाजात, हात जोडून. त्यांना उत्तर म्हणून मी पत्रक लिहिलं. त्याच्या वरच्या तीन ओळी मला अजून पाठ आहेत, कारण तेव्हा त्या मी रस्त्यानं चालताना स्वतःशी म्हणत असे: अंड्यात जीव नाही. जीव पोरांत आहे. त्यांना अंडं द्या. एकोणीस वर्षांच्या माणसाला असं काही सुचलं की त्याला वाटतं, जगातली सगळी भांडणं आता मिटली.

पेटी मात्र पत्रकानं होत नाही. पहिल्या दोन पेट्या मी पॉलिटेक्निकच्या डोक्यानं केल्या, थर्माकोल कापून, मापं घेऊन. पहिली अकोटच्या आधीच गळायला लागली. दुसरीत तीन फुटली, पण त्या तिन्हींनी बाकीची सगळी चिकटवून टाकली आणि एप्रिलच्या उन्हात ती पेटी घरी परत आणली तेव्हा आईनं ती अंगणातसुद्धा ठेवू दिली नाही. मग बाबा बोलले. बाबा हंगामात मोर्शीकडे संत्र्याच्या पेट्या भरायला जायचे. घरात त्यांचे कपडे, त्यांचं अंथरूण, त्यांची बोटं, सगळ्याला संत्र्याच्या सालीचा आणि कच्च्या लाकडाचा वास. रात्रीचं जेवण सुरू होतं, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा हातात धरून मला विचारलं, "तू अंडं दाबून काहून भरून राहिली?"

"मग हलेल ना."

"संत्रं दाबून भरतात. अंडं टांगा लागते. संत्र्याले धक्का बसला त दुसऱ्या दिवशी डाग येते. अंड्याले दुसरा दिवस नसते."

त्या एका वाक्यावर मी सगळं वर्ष काढलं. संत्र्याची एक मोठी पेटी, तिच्या आत एक लहान पेटी, आणि लहान पेटी मोठीत आठ ठिकाणी सायकलच्या ट्यूबांच्या पट्ट्यांनी टांगलेली. आतून आईनं शिवलेली गोधडी, जुन्या लुगड्यांची, साठ खिशांची. प्रत्येक खिशात सरकी काढलेली रुई, मुठीएवढी, आणि तिच्यात एक अंडं. वऱ्हाडात भात नाही की तूस मिळेल, इथं कापूस. बाहेरून ओलं पोतं, म्हणजे ऊन लागू नये. आमच्या घरात तेव्हा दोनच आवाज असायचे, बाबांचा हातोडीनं चुका ठोकण्याचा आणि आईच्या मशीनचा, आणि ते दोघं एकमेकांशी न बोलता त्या आवाजांवरच काहीतरी ठरवत असावेत असं वाटायचं. चाचणीसाठी आम्ही आतली पेटी पंख्याच्या हुकाला टांगून हलवायचो. आईनं तिला पहिल्या दिवशीच पाळणा म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "रिकामा पाळणा हलवू नये प्रज्ञा."

"काहून? काय होते?"

"काय होते ते होऊन पाहाची हौस हाय का तुले?"

मी तो जोरात हलवला. घरात बुद्धाची मूर्ती, भिंतीला लावून पुस्तकांची फळी, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं माझ्याच हातची, आणि माझी आई म्हणते रिकामा पाळणा हलवू नये. मला लाज वाटली, तिची. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर पाळण्यात काहीतरी निजवलेलं होतं, फडक्यात गुंडाळून, डोकं उघडं. मी दारातच थांबले. तो पाट्यावरचा वरवंटा होता. बारशाला ठेवतात तसा. रोज मसाला वाटून झाला की आई तो धुवून, पुसून परत तिथे ठेवायची. मी हसत राहिले, पण तो काढून टाकला नाही.

आता रेघेबद्दल. अंडं भरण्याआधी तपासावं लागतं. अंधाऱ्या जागी मोबाइलची बत्ती मागून लावली की आतलं दिसतं, स्वच्छ आहे का, तडा आहे का. तपासलेलं आणि न तपासलेलं एकत्र होऊ नये म्हणून खूण हवी. शाई नको, रंग नको, पोरांच्या तोंडात जायचं आहे. मी कोळसा निवडला. तो चुलीत फुकट मिळतो आणि त्यानं अपाय नाही. हिवरखेडच्या बायांसाठी वेगळं पत्रक काढलं, मोठ्या अक्षरात: कोळशाची रेघ म्हणजे खात्रीचं अंडं. रेघेचंच अंडं पेटीत. हे मी अमरावतीत, टेबलाशी बसून लिहिलं. मी आयुष्यात कोंबडी पाळलेली नव्हती. आई पाळून आली होती, पण तिला मी ते पत्रक दाखवलंच नाही, कारण तिनं पाळण्यात वरवंटा ठेवला होता.

हिवरखेडला माझी सिंधूमावशी. तिच्या गटातल्या बाया अंडी देणार होत्या. पुढच्या एप्रिलात साहेबांनी दिवस दिला, त्याच्या आदल्या दिवशीच मी पेटी घेऊन गेले. मावशीकडचं जेवण अजून आठवतं, अंड्याचा रस्सा, इतका तिखट की डोळे पुसत जेवायचं, आणि जेवताना मावशी मला सारखी विचारायची, साहेब खातो का अंडं? मी म्हटलं माहीत नाही. "विचाराचं न माय. खाणारा असन त अर्धं काम झालं." शेजारच्या कांताबाई येऊन बसल्या. विधवा बाई, एकटी, बोलणं कमी. त्यांनी वीस अंडी कबूल केली होती. म्हणाल्या, "मी पहाटंच कांदे काढाले जाईन. दार लोटलेलं असन. रेघा मारून ठेवल्या हायेत. उचलून नेजो."

सकाळी चाळीस खिसे भरले. मावशी एसटीची जागा धरायला पुढे गेली आणि मी कांताबाईंच्या घरी. गल्लीत माणूस नव्हतं, सगळी बाईमाणसं कांद्यात. दार लोटलं तर आत अंधार, शेणाचा आणि पिसांचा उबट वास, आणि कोणीतरी श्वास घेतल्यासारखा आवाज. डोळे सरावल्यावर कोपऱ्यात दोन टोपल्या दिसल्या, दोन्हींत एकेक कोंबडी. मी जवळ गेले तर त्या उठल्या नाहीत. पिसं फुलवून दुप्पट झाल्या आणि घशातून एक आवाज काढू लागल्या, कोंबडीचा वाटत नाही असा, लाकूड कुरकुरल्यासारखा. मला वाटलं, अंडी घालताहेत. मी हात घातला. मनगटाला चोच लागली, रक्त आलं. तरी उचललं. अंड्यावर कोळशाची रेघ होती.

त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याची आज मला सगळ्यात जास्त शरम वाटते. मला वाटलं, पत्रक पोचलं. एका अंधाऱ्या घरात, एका न बोलणाऱ्या बाईपर्यंत माझं अक्षर पोचलं आणि तिनं ते पाळलं. रेघा थोड्या पुसट झाल्या होत्या. टोपलीतच कोळशाचा तुकडा होता, त्यानं मी त्या गडद केल्या. रेघ आहे म्हणजे तपासायचं कारण नाही. अंडी गरम होती, पण एप्रिलात वऱ्हाडात काय गरम नसतं. टोपलीच्या तळाशी एक गंजका खिळा होता. अंड्याला तडा जाईल म्हणून तो काढून मी कुर्त्याच्या खिशात टाकला. एकोणीस अंडी निघाली. बाहेर पडताना मागे बघितलं. दोन्ही कोंबड्या रिकाम्या टोपल्यांवर परत बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

एसटीत पेटी आमच्या दोघींच्या मध्ये, पायांशी. अकोटपर्यंत रस्त्यानं जे करायचं ते सगळं केलं. खिडक्या वाजल्या, डोकी आपटली, मागच्या माणसाचं गाठोडं कोणाच्या मांडीवर पडलं. पाळणा नुसता झुलत राहिला. मी झाकणावर हात ठेवून होते आणि मनात साहेबांशी बोलत होते. अकोटच्या पुढे रस्ता जरा सरळ लागला. ऊन चढलं, बोलणी थांबली, एकेक मान पडायला लागली. बाहेर शेतं उलगडून ठेवल्यासारखी काळी, त्यांच्यावर झळ थरथरत होती, आणि रस्त्यावर दूरपर्यंत कोणी नव्हतं. आमच्याकडे भुताची वेळ रात्रीची नसते, ही असते.

पलीकडच्या सीटवरची बाई, पदर डोक्यावर घेऊन झोपलेली, डोळे न उघडता म्हणाली, "बाई, तुया पेटीत कोण हाय?"

मी म्हटलं, "अंडी आहेत."

"मी 'काय हाय' नाई विचारलं." तिनं डोळे उघडले. "कोण हाय?"

मग मलाही ऐकू आलं. फार बारीक. रबर कुरकुरतं तसं, पण रबराला थांबून परत सुरू करायचं सुचत नाही. एका कोपऱ्यातून यायचं, बंद व्हायचं, आणि दुसऱ्या कोपऱ्यातून त्याला उत्तर आल्यासारखं. माझ्या तळहाताखाली झाकण होतं आणि झाकणाखाली काहीतरी एकमेकांशी बोलत होतं. हात काढावासा वाटला आणि काढवेना. मावशी जागी झाली. तिनं पेटीला कान लावला, लहान पोराच्या छातीला लावतात तसा, आणि कान तिथेच ठेवून मला विचारलं, "कांताकडची कुठून उचलली?"

"टोपलीतून."

"कोनाड्यातल्या मडक्यातून नाई?"

मडकं मी पाहिलंच नव्हतं. "रेघ होती मावशी. सगळ्यांवर होती."

"खिळा होता?"

मी खिशातून खिळा काढून दाखवला. तिनं तो हातात घेतला नाही. नुसता पाहिला आणि सीटला टेकून बसली. "तू खुडूक कोंबडीखालची उचलली माय. उबवाले ठेवलेली. आज-उद्यात निंगाची असतीन."

"मग त्यावर रेघ कशाला?"

"कशाले म्हणजे? बसवलेली ओळखू आली पाह्यजे न. दुसरी कोंबडी येऊन त्याच्यात घालते, मग ताजं कोणतं अन् बसवलेलं कोणतं? रेघेच्याले हात नाई लावाचा, हे कोणाले सांगा लागते का?" मग खिळ्याकडे बोट करून म्हणाली, "खिळा अन् कोळसा त गाज होऊ नये म्हून. आभाळ गरजलं त आतल्या आत मरते."

म्हणजे माझ्या आधी कित्येक पिढ्यांपासून त्या गावात कोळशाच्या रेघेला अर्थ होता: हे खाऊ नका, यात कोणीतरी आहे. आणि मी अमरावतीहून छापून पाठवलं की हेच खा. बाया मात्र शहाण्या. त्यांनी माझी रेघ मडक्यात पाळली आणि आपली टोपलीत. दोन रेघांची गल्लत करणारी पंचक्रोशीत मी एकटीच होते.

आमच्याकडे उन्हाळ्यात शाळा सकाळची. पण साहेबांना बारा वाजता सवड होती, म्हणून पोरांना थांबवून ठेवलं होतं. उपाशी. आम्ही शाळेच्या मागच्या भिंतीशी, कडुनिंबाखाली पेटी टेकवली. मावशी म्हणाली, "ती एकोणीस काढून टाक. बाकीची चाळीस निवांत हायेत. साहेबाले तेवढीच दाखो." सल्ला बरोबर होता. मी झाकण उघडलं. आवाज एकदम थांबला, सगळीकडचा एकाच वेळी, जणू आतल्यांनी आम्हाला ऐकलं. मी एक अंडं रुईतून काढलं. माझ्याच कोळशाची ताजी रेघ त्यावर. ते माझ्या मुठीत होतं आणि आतून कोणीतरी ठोकलं. एकदा. मग थांबून दोनदा. नेमकं तळहाताच्या मध्यावर. माझ्या पत्रकाला बाहेरून उत्तरं खूप आली होती; आतून पहिल्यांदाच आलं. झाडावर कावळे होते, एकही ओरडत नव्हता, सगळे खाली बघत होते. ठेवायचं कुठे तर मातीवर, त्या उन्हात, त्या कावळ्यांखाली. पोरांच्या जेवणासाठी मी ते करायला हवं होतं, असं मला आजही काही दिवस वाटतं. सदसद्विवेक वगैरे काही नव्हतं. मूठ उघडेना, एवढंच. मी ते परत रुईत ठेवलं तोवर शिपाई बोलवायला आला.

व्हरांड्यात पोरं रांगेनं, समोर रिकाम्या थाळ्या. साहेब खुर्चीवर, मांडीवर कागद. अध्यक्ष उभे, खादीचा सदरा, हात जोडलेले. साहेबांनी स्वतः उठून रुई बाजूला केली आणि एकेक खिसा बोटानं चाचपत गेले. पंधरा. तीस. चाळीस. मध्ये मध्ये ते माझ्याकडे बघायचे आणि प्रत्येक वेळी चेहरा थोडा उजळायचा. "कमाल आहे," म्हणाले. "एकही नाही हो." खरंच एकही फुटलं नव्हतं. त्या रस्त्यावरून, त्या उन्हातून, एकोणसाठांतलं एकही नाही. बाबा तिथे असते तर.

मग आमच्या सगळ्यांच्या देखत एक फुटलं. आतून.

आधी रेघेवरच एक चांदणी उमटली. तिच्यातून चोचीचं टोक आलं, गेलं, परत आलं. कवचाचा तुकडा सरकला आणि ओलं, काळपट, डोळे मिटलेलं काहीतरी आमच्याकडे वळून ओरडलं, आणि त्याबरोबर पेटीतून चहूकडून ओरडणं सुरू झालं. पोरं हसली नाहीत. मला वाटलं होतं हसतील. ती जागच्या जागी मागे सरकली, थाळ्या पोटाशी धरून.

साहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर एक रकाना होता. त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "हे फुटलेल्यात धरायचं का?"

"फुटलं नाई साहेब," मावशी म्हणाली. "निंगालं."

अध्यक्षांनी खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं. माझंच. आवाज चढवला नाही. "अंड्यात जीव नाही, हे तुम्हीच लिहिलं ना ताई?"

"मीच."

"मग हे कोण आहे?"

त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि त्या पिल्लावर सावली धरली. चांगलं केलं. पण पोरांना बारापर्यंत उपाशी बसवलं तेव्हा कोणाचा रुमाल निघाला नव्हता, हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. आता लिहिते आहे.

साहेबांना माझी कीव आली असावी. ते बाजूला घेऊन म्हणाले, पेटी उत्तम आहे, ती मी मान्य करतो. गावातल्या बायांनी चुकीची अंडी दिली, असं लिहू का? मग अंडी दुसरीकडून घेऊ, पेटी तुमचीच राहील. म्हणजे पोरांना अंडं मिळणार होतं. फक्त कांताबाईंचं नाव एका कागदावर चुकीच्या जागी जाणार होतं, आणि त्यांना ते कधी कळलंही नसतं. मी त्या रांगेतल्या मनगटांकडे बघितलं. खिशात खिळा होता, तो घट्ट धरला होता. म्हटलं, "नाही. बायांनी रेघ बरोबर मारली होती. मी चुकीची वाचली. तसं लिहा." त्यांनी तसं लिहिलं. त्या दिवशी पोरांना केळं मिळालं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं केळं सोलता सोलता मला विचारलं, "ताई, आमच्या घरी आई करते, त्याच्यात पण कोणी असते का?" माझी सगळी उत्तरं तेव्हा एकेका ओळीची होती.

परतीच्या एसटीत पेटी इतकी ओरडत होती की ड्रायव्हरनं दोनदा वळून पाहिलं. हिवरखेडला पोचलो तर कांताबाई दारात बसलेल्या, हाताला कांद्याचा वास. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सकाळपासून हवेवर बसून हायेत दोघी. उठून राहिल्या नाई, पाणीबी नाई पिल्या." आत तोच अंधार, तोच लाकडासारखा आवाज. कांताबाईंनी निघालेली पिल्लं आणि न निघालेली अंडी एकेक करून कोंबड्यांच्या पोटाखाली सारली, आणि आवाज हळूहळू खाली गेला, पाण्यात बुडत गेल्यासारखा. तेरा जगली. सहा निघालीच नाहीत. मग त्यांनी न बघता माझ्यापुढे हात केला. "खिळा दे."

घरी आले. बाबांनी पेटी उलटसुलट करून पाहिली, एकेक ट्यूब ओढून पाहिली. "एकबी फुटलं नाई?" मी म्हटलं, रस्त्यानं नाही. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी हुकाला पंखा लावला. वरवंटा पाट्यावर परत गेला.

त्या शाळेत अंडं आलं. दोन वर्षांनी, टेम्पोनं, पोल्ट्रीचं, कागदाच्या ट्रेमधून, आणि आमच्यामुळे नाही. ती अंडी घालणाऱ्या कोंबड्या कधी कोंबड्याच्या वाऱ्यालासुद्धा उभ्या नसतात. माझ्या पत्रकातली पहिली ओळ त्यांच्यापुरती अगदी खरी आहे. मी मुद्दाम पाहायला गेले, जेवणाच्या वेळी, त्याच व्हरांड्यात. उकडलेली अंडी वाढून झाली, बाईंनी "करा सुरू" म्हटलं, आणि एकाही पोरानं अंडं फोडलं नाही. सगळ्यांनी ते उचलून कानाला लावलं. पहिलीच्या पोरांनीसुद्धा, जी तेव्हा शाळेत नव्हती. त्यांना कोणीतरी शिकवलं होतं. बाईंना त्यात काही नवल वाटत नव्हतं, त्या वरण वाढत होत्या. भर दुपारची वेळ, शेजारी शेजारी बसलेली तेवढी पोरं, माना एकाच बाजूला कललेल्या, आणि एक आवाज नाही. मीही श्वास धरला.

मग पहिल्या रांगेतली, आता मोठी झालेली ती मुलगी माझ्याकडे वळली.

"ताई, याच्यात कोणी नाई," ती म्हणाली. "खाऊ?"